मध खायला सुरुवात करताय? आधी चमचा मोजा

परवा धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, ह्यांची साखर बॉर्डरवर आलीय. म्हणून आता आम्ही सगळे मधावर. दोन किलोचा डबाच मागवलाय."

"मग साखर बंद केलीस?"

"छे हो, चहात साखरच लागते ह्यांना. मध सकाळी कोमट पाण्यातून. तो वेगळा, वरून."

सगळी गोम या 'वरून'मध्ये आहे. मध चांगला की वाईट यावर घराघरांत वाद रंगतात, पण तो कशाच्या जागी खाल्ला आणि किती खाल्ला, हे कोणी विचारत नाही. माझं माहेर जावळी तालुक्यातलं. परसात वडिलांच्या सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या, म्हणजे मधाला घरात तोटा नव्हता. तरीही मधाची बाटली फडताळाच्या वरच्या फळीवर असायची आणि खोकला झाला, चाटण द्यायचं असलं, की तेवढ्यापुरती खाली यायची. मागून मध मिळायचा नाही. आईने त्यामागे काही शास्त्र वाचलं नव्हतं, पण हिशोब तिचाच बरोबर होता. जावेला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते आहे.

सगळ्यात आधी: घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे का?

असेल, तर त्या बाळाला मध नाही. एक थेंबही नाही, बोटाला लावूनही नाही. बाकीचा लेख नाही वाचलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

कारण असं. मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतर जंतूंची वस्ती दाट असते, त्यामुळे या पाहुण्याला तिथे थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाचं आतडं मात्र रिकाम्या चाळीसारखं असतं. बीजाणू तिथे रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू ढिले पडत जातात. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठतेने होते. मग रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढण्यातला जोर जातो, पापण्या जड दिसतात, मान सावरत नाही. ही बालरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी धावायची लक्षणं. मध शुद्ध आहे, घरचा आहे, देवाचा आहे, याने काही फरक पडत नाही, कारण बीजाणू शुद्ध मधातही असतात. उकळूनही ते मरत नाहीत, म्हणून 'शिऱ्यात घातलाय, शिजलाय की' हेही चालत नाही.

आपल्याकडे हा नियम पाळणं अवघड जातं, कारण मध बाळाच्या वाट्याला अनेक दारांनी येतो. जन्मल्या जन्मल्या सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवतात, बाळगुटी मधात उगाळतात, चोखणीला मध लावतात, सत्यनारायणाला पंचामृताचं तीर्थ ओठाला लावतात. आमच्या पुतणीच्या बारशाला आत्याबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. "आमची सगळी मधावरच वाढली," हे वाक्य ठरलेलं. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आत्या, अंगठी आईच्या दुधात बुडवा. सोनं तेच, हातही तुमचाच." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि वाटी बदलली. वडीलधाऱ्यांना 'नको' म्हणण्यापेक्षा त्यांच्या हाताला दुसरं काम देणं सोपं जातं.

वर्ष पूर्ण झालं की हा धोका जवळजवळ संपतो.

बाटलीत नेमकं काय असतं

मधमाशी फुलातला मकरंद पोटात आणते, त्यात स्वतःची पाचक द्रव्यं मिसळते, पोळ्यात ओतते आणि पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवते. मध पुरता पिकला की वर मेणाचं झाकण बसतं. हाती येणाऱ्या १०० ग्रॅम मधात साधारण १७-१८ ग्रॅम पाणी, ३८ ग्रॅमच्या आसपास फ्रुक्टोज आणि ३१ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं. थोड्या इतर साखरा धरून एकूण साखर ८० ग्रॅमच्या वर जाते. उरलेल्या चिमूटभरात आम्लं, परागकण, सुगंध आणि वनस्पतींची रंगद्रव्यं. मधाची म्हणून जी काही खासियत आहे ती सगळी या चिमटीत.

मधात लोह आणि कॅल्शियम भरपूर असतं, असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं. असतं, पण किती? १०० ग्रॅमला लोह अर्धा मिलिग्रॅमही भरत नाही. एका चमच्यातलं लोह मोजायला सोनाराचा काटाही पुरायचा नाही. लोह हवं असेल तर नाचणीची भाकरी आणि हिरवी पालेभाजी खावी, मधाला त्या कामाला जुंपू नये. गडद रंगाच्या मधात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं फिकट मधापेक्षा सहसा जास्त असतात, हे खरं. पण दिवसाला एक-दोन चमचे खाणाऱ्याने त्यावर फार भिस्त ठेवू नये.

मग फायदा कुठला? मध साखरेची जागा घेऊ शकतो, खोकल्याला आराम देतो आणि पोळीच्या तुकड्याला चव आणतो. माझ्या मते एवढ्याने मधाचं मोल कमी होत नाही.

चमचा

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि हे एकदा करून बघा. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. चहाचा चमचा मधाने सपाट भरून वाटीत निथळू द्या. साधारण सात ग्रॅम भरेल. आता आपण रोज घेतो तसा घ्या, म्हणजे चमचा बाटलीत बुडवून वर काढायचा, खालून ओघळ लोंबत असताना पटकन ग्लासात. मी केलं तेव्हा काटा अकरावर गेला. चमचा एकच, आणि मध दीडपट.

तसाच एक सपाट चमचा साखर मोजा. ती भरते चार ग्रॅमच्या आसपास, कारण मध साखरेपेक्षा जड आणि दाट असतो. चमचाभर साखरेत सुमारे १६ किलोकॅलरी, चमचाभर मधात सुमारे २१. म्हणजे 'एक चमचा साखरेऐवजी एक चमचा मध' असा सौदा केला, तर कॅलरी वाढतात! नवखे लोक नेमके इथे फसतात. मधाची गोडी साखरेच्या बरोबरीची किंवा थोडी अधिक लागते, त्यामुळे लिंबू सरबतात दोन चमचे साखर घालत असाल तर तिथे एकच सपाट चमचा मध घालून चव घ्या. बहुतेकांना पुरतो.

जागतिक आरोग्य संघटना मधाला वरून घातलेल्या साखरेतच मोजते. तिचं २०१५ चं मार्गदर्शन असं, की अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आता आपल्या घरचा हिशोब करा. दोन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, झाले १६ ग्रॅम. उरले नऊ. एका सपाट चमचा मधात सहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे दीड चमच्यात दिवस संपला. बिस्कीट, जॅम, सॉस अजून मोजलेच नाहीत.

टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १८ चाचण्या एकत्र करून बघितल्या. त्यांत मिळून ११०० वर लोक होते. रोज साधारण ४० ग्रॅम मध, आठ आठवडे. उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं. ही बातमी समाजमाध्यमांवर फिरली ती 'मध खा, साखर उतरवा' अशी. त्या लोकांच्या एकूण आहारात साखर आधीच बेताची होती, पुराव्याची खात्री कमी दर्जाची होती, आणि संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं की जो साखर खात नाही त्याने मध सुरू करावा असं आमचं म्हणणं नाही, खाणाऱ्याने साखरेच्या जागी मध घेतला तर विचार करण्यासारखं आहे. हे वाक्य कोणी पुढे पाठवलं नाही.

तर सुरुवात करणाऱ्यासाठी माझं माप सांगते: मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दोन सपाट चमचे, आणि तेवढी साखर आधी ताटातून काढून टाकलेली. मध बाटलीतून थेट ग्लासात कधीही ओतू नका. चमचा मध्ये आलाच पाहिजे.

बाटली घेताना

इथे मी स्वतः फसलेली आहे, म्हणून जरा लांबण लावते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक माणूस स्टीलची बादली घेऊन आला. बादलीत वरपर्यंत मध आणि त्यावर तरंगणारं मोहोळाचं अख्खं पोळं, दोन-चार मेलेल्या माश्यांसकट. त्याने आमच्यासमोर काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवली, भुरकन पेटली. पाण्याच्या ग्लासात थेंब सोडला, सरळ तळाला गेला. शेवटी गल्लीतल्या कुत्र्यापुढे बोट धरलं, कुत्रं वास घेऊन निघून गेलं. "बघा ताई, कुत्रं खऱ्या मधाला तोंड लावत नाही!" मी, मधाच्या पेट्यांच्या घरातली मुलगी, दोन किलो घेतला. पंधरा दिवसांत बरणीच्या तळाशी खडीसाखरेसारखे जाड, चौकोनी खडे बसले आणि वर पातळ पाक राहिला. पोळं खरं होतं. बादलीतला माल पाकाचा होता.

काडी पेटते की नाही, हे काडीला किती ओल लागली यावर ठरतं. दाट साखरेच्या पाकात बुडवलेली काडीही पेटते. थेंब पाण्यात तळाला जातो तो दाटपणामुळे, आणि पाक हवा तेवढा दाट करता येतो. उलट पावसाळी जंगलातला अस्सल मध पातळ असतो, तो पाण्यात पटकन विरघळतो आणि बिचारा 'नकली' ठरतो. कुत्र्याचं म्हणाल तर त्याला त्या दिवशी भूक नसेल. घरगुती परीक्षा सगळ्या टाकून द्या.

प्रयोगशाळेलाही हे काम सोपं नाही. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडचे नमुने तपासले. नेहमीच्या चाचण्या बहुतेकांनी पार केल्या, पण जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर या रेणूंची घडण ओळखणाऱ्या तंत्राने तपासल्यावर सगळ्या कसोट्यांवर उतरले फक्त तीन. कंपन्यांनी ते निष्कर्ष फेटाळले. चाचणीला चकवा देईल असा साखरपाक बनवणं हा स्वतंत्र धंदा झाला आहे, हे मात्र त्या प्रकरणात पुढे आलं.

मग सामान्य माणसाने काय बघायचं?

लेबलवर घटक पदार्थांत फक्त 'मध' असावा. 'हनी सिरप', 'हनी फ्लेवर' असं काही असेल तर ते मधाच्या रांगेत ठेवलेलं दुसरंच काही आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असावा, बॅच क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असावी. ॲगमार्कचा शिक्का असला तर उत्तम. वजन ग्रॅममध्ये वाचा, कारण २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३५० ग्रॅम मध मावतो. दोन बाटल्यांच्या किमतींची तुलना करताना एकीवर ग्रॅम आणि दुसरीवर मिलि असेल, तर डोळे फसतात. पहिल्यांदा घेताना २५० ग्रॅमच्या वर घेऊ नका. रोज दोन चमच्यांच्या मापाने ती बाटली एका माणसाला अडीच आठवडे जाते.

जमलं तर थेट मधपाळाकडून घ्या. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मागोमाग कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आलं. अशा गावात गेलात तर मधपाळाला दोन प्रश्न विचारा. मध यंत्रातून काढला की पिळून? आणि कुठल्या फुलोऱ्याचा?

पेटीतल्या चौकटी मधयंत्रात फिरवून मध निघतो तेव्हा पोळं शाबूत राहतं आणि मध स्वच्छ येतो. जंगलातल्या आग्या मोहोळाचं अख्खं पोळं कापून पिळलं, तर त्यात अंडी-अळ्यांचा रस, मेण आणि पराग सगळंच उतरतं. असा मध लवकर आंबतो. शिवाय पोळं उजाड होतं ते वेगळंच. 'जंगली म्हणजे जास्त औषधी' हे समीकरण मला तरी पटत नाही.

फुलोऱ्याची गोष्ट मजेशीर आहे. जांभळाचा मध लालसर गडद, शेवटी जिभेवर किंचित तुरट उमटणारा. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. सगळ्यांत दुर्मीळ कारवीचा, कारण कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते. आपल्या अन्न मानकांत मधातल्या सुक्रोजची मर्यादा ५ टक्के आहे, पण कारवीच्या मधाला खास १० टक्क्यांची सूट दिलेली आहे, कारण त्याची घडणच तशी असते. सह्याद्रीतल्या एका झुडपासाठी सरकारी नियमात वेगळी ओळ आहे, याचं मला उगाचच कौतुक वाटतं.

खोकल्याला

मधाच्या बाजूने सगळ्यांत भक्कम पुरावा इथे आहे. सर्दीसोबत येणारा, रात्री झोपू न देणारा साधा खोकला. इस्रायलमध्ये १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. झोपण्याआधी अर्धा तास १० ग्रॅम मध, आणि तुलनेसाठी काही मुलांना तसाच दिसणारा खजुराचा पाक. पाक घेतलेली मुलंही दुसऱ्या रात्री थोडी सुधारली, कारण सर्दी आपली आपण उतरतेच. पण मध घेतलेल्या मुलांचा खोकला जास्त कमी झाला, आणि मुलांसोबत आईबापांनाही झोप लागली. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही मध काहीच न देण्यापेक्षा सरस ठरला. ब्रिटनमध्ये तर साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा, अँटिबायोटिक मागू नका, असं अधिकृत मार्गदर्शन आहे.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं. मग एक ते दोन वर्षांच्या मुलाला द्यायचं तरी काय, तर मध आणि भरपूर पातळ पदार्थ.

कसा द्यायचा: एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक चमचा, त्याहून मोठ्या मुलाला आणि माणसाला एक ते दोन चमचे, झोपायच्या अर्धा तास आधी. नुसता, हळूहळू चाटत. घशाला लेप बसायला हवा, म्हणून लगेच वर पाणी पिऊ नये. दहा-पंधरा मिनिटांनी चूळ भरायला लावा किंवा दात घासा, कारण मध दातांना चिकटतो आणि दातांना तो साखरच वाटतो. आल्याचा रस चार थेंब घातला तर चालेल. मोठ्यांना तो तिखटपणा बरा वाटतो, लहान मुलं थुंकून टाकतात. वैद्यांनी सितोपलादी चूर्ण मधातून दिलं असेल तर लक्षात असू द्या की त्यात खडीसाखर आधीच असते. मधुमेही माणसाने हे वैद्यांना आठवण करून द्यावं.

मध देत बसू नये अशा वेळाही आहेत. मूल भराभर श्वास घेतंय, बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, छातीत शिट्टी वाजतेय, ताप तीन दिवस हटत नाही, तर डॉक्टर. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकीची तपासणी, क्षय नाही याची खात्री करायला. आमच्या शेजारच्या काकांनी अडूळसा आणि मध करत दोन महिने काढले होते.

कोमट पाणी, लिंबू आणि तूप

सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने चरबी वितळते, यावर अर्ध्या महाराष्ट्राचा विश्वास आहे. ग्लासभर पाण्याने पोट भरल्यासारखं वाटतं, नाश्त्याचे दोन घास कमी जातात, दूध-साखरेचा पहिला चहा टळतो. वजन उतरलं तर ते यामुळे. चहाही घेतलात आणि हे पाणीही, तर २१ किलोकॅलरी वाढल्या एवढंच. पुन्हा तेच, 'वरून'.

गरम केलेला मध विष होतो, हे आयुर्वेदात आहे. चरकसंहितेत तापलेला मध निषिद्ध सांगितला आहे, आणि मध आणि तूप समप्रमाणात घेणं विरुद्ध आहार मानलं आहे. रसायनशास्त्राच्या बाजूने बघितलं तर मध जास्त आणि फार वेळ तापवला की त्यातली पाचक द्रव्यं नष्ट होतात, वास जातो आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो, ज्याची मर्यादा आपल्या मानकात किलोला ८० मिलिग्रॅम आहे. कोमट पाण्यातल्या चमचाभर मधाने काही बिघडत नाही. उकळत्या चहात मात्र घालू नका. चहा ओठाला सोसेल इतका निवला की मग घाला. दोन्ही शास्त्रांचं समाधान होतं आणि सुवासही राहतो. तुपाचं म्हणाल, तर चाटणात तूप किंवा मध, कुठलं तरी एक जास्त ठेवायला काय जातंय?

मधुमेह असेल तर

रोगाचं नावच 'मधुमेह' आणि लोक विचारतात मध चालतो का. मधाने रक्तातली साखर चढते, साध्या साखरेपेक्षा थोडी हळू एवढंच. त्यामुळे आहारतज्ज्ञाने जेवढी साखर ठरवून दिली असेल, मध त्याच खात्यात मांडायचा. खातं शून्य असेल तर मधही शून्य.

महाबळेश्वरहून येणारे पाहुणे 'खास मधुमेह्यांसाठी' म्हणून जांभळाचा मध आणतात. जांभळाच्या बीचं चूर्ण आणि जांभळाच्या फुलातला मकरंद यांचा तसा काही संबंध नाही. फुलोरा कुठलाही असो, बाटलीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच. चवीसाठी जरूर घ्या, औषध म्हणून नको. जावेला हे सांगितलं तेव्हा ती दोन क्षण गप्प होती. डबा जांभळाच्याच मधाचा होता.

परागाची ॲलर्जी असलेल्यांनी पहिल्यांदा चमच्याच्या टोकाएवढाच मध चाखून बघावा. ओठ सुजले, घसा खाजला तर तिथेच थांबावं.

भाजलं, कापलं

मधाचा जखमेवरचा उपयोग खरा आहे, आणि त्यात सोलापूरचं नाव आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध आणि भाजल्यावर लावायचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन हे औषध यांची तुलना करून ती १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत मांडली. मधाच्या बाजूच्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या आणि लवकर भरल्या. मध जखमेतलं पाणी ओढतो, तो आम्लधर्मी असतो, आणि पातळ झाला की त्यातल्या मधमाशीच्या द्रव्यापासून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. आज जखमांसाठी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वेगळा मिळतो. पोळीला लावायच्या बाटलीत बोट घालून तो जखमेवर चोपडू नका. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, आणि मग डॉक्टर.

ठेवायचा कसा

काचेची बरणी, घट्ट झाकण, गॅसपासून दूर, उन्हाच्या आड. चमचा कोरडा हवा. ओला चमचा एकदा जरी गेला तरी वरच्या थरात पाणी वाढतं आणि मध आंबायला लागतो. झाकण उघडताना फस्स आवाज आला, वर फेस दिसला, वास ताकासारखा आंबट आला, तर तो खाऊ नका. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात हे जास्त होतं, मध हवेतली ओल ओढून घेतो म्हणून.

फ्रीजमध्ये ठेवू नका, गोठतो. बाहेरही थंडीत गोठतो, आणि तेव्हा लोक घाबरून बरणी फेकून देतात. ग्लुकोज कमी विरघळतं, त्याचे बारीक कण वेगळे होतात, एवढंच झालेलं असतं. मोहरीचा आणि सूर्यफुलाचा मध तर काही आठवड्यांतच तुपासारखा थिजतो. पातळ हवा असेल तर बरणी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको.

मी तर थिजलेला तसाच खाते. डिसेंबरात सकाळी चमचा बरणीत उभा राहतो. तव्यावरून उतरलेल्या बाजरीच्या भाकरीवर आधी तूप, मग त्या मधाचा खरवडलेला एक पापुद्रा. तो कडेने वितळायला लागतो आणि मध्ये रवाळ राहतो. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा.